सांधा नवा, पाय जुना

गुलमंडीवरून सायंकाळीं काठी टेकीत चाललों असतां ओळखीचा कोणी ना कोणी भेटतोच, आणि भेटला म्हणजे त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "काय गुरुजी, खुबा बदलून घेतलात ना? मग ही काठी कशाला?" विचारणारा आमचा हितचिंतकच असतो; आमची थट्टा करावी असें त्याच्या मनांत मुळींच नसतें. परंतु त्याची अशी पक्की समजूत झालेली असते कीं, मोटारीचें झिजलेलें चाक काढून नवें बसविलें म्हणजे मोटार जशी पूर्ववत् धांवूं लागते, तसाच माणसाचा पायहि सांधा बदलतांच धांवूं लागला पाहिजे. खरें सांगावयाचें तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजेपर्यंत आमचीहि समजूत याहून निराळी नव्हती. ती दुरुस्त होण्यास आम्हांस जवळजवळ एक वर्ष लागलें, आणि मध्यंतरीं एकदां उंबरठ्यावर गुडघेहि फोडून घ्यावे लागले. ज्या घरांत कोणा वडीलधाऱ्या माणसाची ही शस्त्रक्रिया झाली असेल किंवा व्हावयाची असेल, त्या घरच्या मंडळींस हा वळसा पडूं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें वय आज सदुसष्ट आहे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें काय संस्कृत आलें तें पाठशाळेंत, शास्त्रीबोवांपुढें जमिनीवर मांडी घालून. नंतरचीं चौतीस वर्षें याच गांवांत मुलांस शब्दरूपें व धातुरूपें शिकवीत फळ्यापुढें उभे राहिलों. गांवाचें नांव तेव्हां औरंगाबाद होतें. २०२३ पासून तें छत्रपती संभाजीनगर झालें. सेवानिवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनीं उजव्या जांघेंत कळ येऊं लागली. वात झाला असेल म्हणून तेल चोळलें, शेक घेतला, घरांतील वडील मंडळींनीं सांगितलेले सर्व काढे पोटांत रिचविले. अखेर क्ष-किरणांचें चित्र काढलें, तेव्हां मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडाची वाटी यांमधील मऊ कूर्चा झिजून हाडावर हाड घांसत असल्याचें दिसलें. तरीहि 'अजून चालतां येतें ना, मग घाई कसली?' असें म्हणत आम्हीं आणखी तीन वर्षें काढलीं. या तीन वर्षांचा उल्लेख मुद्दाम करितों, कारण पुढील सर्व कथेचें बीज त्यांतच आहे.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत येथीलच एका रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं. जी कळ रात्रीं दोन वाजतां हटकून उठवीत असे, ती आठवड्याभरांत नाहींशी झाली. राहिलें तें नुसतें टांक्यांचें दुखणें. या शस्त्रक्रियेस २००७ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानें 'शतकांतील शस्त्रक्रिया' असें म्हटलें, तें कांहीं उगाच नव्हे. आम्हांस घरीं पाठवितांना रुग्णालयानें एक इंग्रजी कागद हातांत दिला. त्यावर निजून पाय उचलणाऱ्या एका माणसाचीं चित्रें होतीं. तीं काय म्हणून करावयाचीं, किती दिवस करावयाचीं, न केल्यास काय होईल, हें कोणी सांगितलें नाहीं. आणि आम्हींहि विचारिलें नाहीं. तो कागद आम्हीं पंचांगांत घालून ठेविला. दोष निम्मा त्यांचा व निम्मा आमचा, अशी वांटणी आज आम्ही करितों. आमच्या सौभाग्यवतींच्या मतें आमचा वांटा बारा आणे आहे.

सहा आठवडे वॉकर, नंतर काठी, आणि तिसऱ्या महिन्यांत काठी खुंटीवर. जो तो अभिनंदन करी. औरंगपुऱ्यांतील आमच्या घरापासून खडकेश्वराच्या देवळापर्यंत आम्ही रोज जाऊं लागलों. परंतु हळूहळू ध्यानांत येऊं लागलें कीं, जातांना सरळ जाणारे आम्ही येतांना उजव्या अंगास कलून येतों. दुखत कांहींच नसे. पाय जणूं दुसऱ्या कोणाचा असावा तसा उशिरानें हुकूम मानी. जिना चढतांना कठड्यास धरून अंग वर ओढावें लागे. आणि ज्येष्ठांतल्या एका सकाळीं, पूजेचीं फुलें घेऊन आंत येतांना, उजवा पाय उंबरठ्यापलीकडे टाकून त्यावर भार दिला मात्र, तो मुडपला. फुलें अंगणांत व आम्ही ओसरीवर. पुन्हां चित्र काढलें. शल्यचिकित्सकांनीं तें उजेडाकडे धरून सांगितलें, "सांधा उत्तम आहे. काळजीचें कारण नाहीं." तें अक्षरशः खरें होतें, आणि आमच्या दृष्टीनें अक्षरशः निरुपयोगी होतें.

याहून खोल लागलें तें भाद्रपदांत. आमच्या तीर्थरूपांचें श्राद्ध पक्षांत असतें. बेचाळीस वर्षें आम्हीं तें पाटावर बसून केलें. या खेपेस आमच्यासाठीं खुर्ची मांडली गेली. उपाध्यायांनीं शास्त्रार्थ सांगितला कीं, अशक्तास उच्चासन चालतें, मनांत किंतु आणूं नये. परंतु खुर्चीवरून सोडलेलें तर्पणाचें पाणी ताम्हणांत इतक्या उंचावरून पडे कीं, त्याचे शिंतोडे नातवाच्या तोंडावर उडत, आणि तो हंसूं दाबून बसे. खालीं पडलेला दर्भ उचलण्यास वांकण्याचीहि आम्हांस मनाई. सर्व आटोपल्यावर आम्ही माजघरांत जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसलों. सूनबाई बँकेंत नोकरी करतात. हिशेबाचें त्यांना बाळकडू आहे. त्या दारांत उभ्या राहून म्हणाल्या, "मामंजी, नऊ महिन्यांत पाय सुधारत नाहीं, मोडतच चाललाय. सांधा नीट आहे म्हणतात, तर मग बिघडलंय काय, तें कोणाला तरी विचारायला हवं." दुसऱ्याच दिवशीं त्या आम्हांस एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेल्या. बाईंचें वय आमच्या शेवटच्या वर्गांतील मुलींएवढें असेल.

बाईंनीं आम्हांस आरशापुढें उभें करून फक्त उजव्या पायावर उभें राहण्यास सांगितलें. डावा पाय उचलतांच कमरेची डावी बाजू खालीं घसरली, आणि तोल सांवरण्यासाठीं आमचें सर्व धड उजवीकडे झुकलें. "सर, हीच तुमची सगळी तक्रार," त्या म्हणाल्या. या परीक्षेस ट्रेंडेलेनबुर्ग यांचें नांव आहे. या जर्मन शल्यचिकित्सकांनीं १८९५ सालीं तिचें वर्णन केलें. तीस कसलेंहि यंत्र लागत नाहीं; घरांतला आरसा पुरतो. मात्र शेजारीं धरण्यास कोणी तरी उभें असावें.

त्यामागचें कारण वाचकांनीं थोडें सावकाश समजून घ्यावें, कारण तें समजल्यावांचून पुढचा व्यायाम निव्वळ कवायत वाटते. चालणें म्हणजे क्षणाक्षणाला एका पायावर उभें राहणें होय. उजव्या पायावर उभें राहिलें असतां सर्व शरीराचें ओझें त्या सांध्याच्या आंतल्या बाजूस लोंबतें. कंबर डावीकडे कलूं नये म्हणून सांध्याच्या बाहेरच्या बाजूचे, नितंबाच्या वरच्या अंगास असलेले पंख्याच्या आकाराचे स्नायू तिला खेंचून धरितात. लहान मुलांच्या डोलफळीची कल्पना करावी. एका बाजूस लांब फळीच्या टोंकाशीं ओझें, दुसऱ्या बाजूस आंखूड फळीच्या टोंकाशीं हा स्नायू. फळी निम्म्यानें आंखूड, म्हणून जोर दुप्पट लागतो. आणि मधल्या टेंकूवर, म्हणजे सांध्यावर, ओझें व जोर मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारें तिप्पट भार येतो. इतकें काम ज्याला करावयाचें, तो स्नायू आमच्याकडे कोणत्या अवस्थेंत होता? तीन वर्षें दुखरा पाय जपतां जपतां आम्हीं त्याला घरीं बसवून ठेविलें होतें. दुखणाऱ्या सांध्याभोंवतालचे स्नायू शरीर स्वतःहूनच आंखडतें घेतें. त्यांत शस्त्रक्रिया बाजूनें केलेली, म्हणजे सांध्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं त्याच स्नायूचा कांहीं भाग सोडवून पुन्हां शिवलेला. मागील बाजूनें केलेल्या शस्त्रक्रियेंत हा मोठा स्नायू बचावतो, पण मागचे लहान स्नायू सोडवावे लागतात. म्हणून आपली शस्त्रक्रिया कोणत्या बाजूनें झाली, हें प्रत्येकानें विचारून ठेवावें. सारांश, बिजागरी नवी आली. दार ओढणारा गडी मात्र तोच राहिला, तोहि उपाशी आणि वर जखमी.

येथें एक शब्दाची गंमत सांगितल्यावांचून आमच्यांतील मास्तर स्वस्थ बसणार नाहीं. आपण मराठींत ज्यांना आज 'स्नायू' म्हणतों त्यांना सुश्रुत 'पेशी' म्हणतो. त्याचा 'स्नायु' म्हणजे हाडें एकमेकांस बांधणारे बंध. शारीरस्थानांत त्यानें हाडें ३००, सांधे २१०, पेशी ५०० आणि स्नायु ९०० मोजले आहेत. आजच्या गणतीशीं हे आंकडे जुळत नाहींत. परंतु त्यानें दिलेला दृष्टांत आजहि कोणा प्राध्यापकानें वर्गांत द्यावा असा आहे. फळ्या दोरांनीं नीट आंवळून बांधलेली नाव जशी पाण्यावर माणसांचा भार वाहते, तसें शरीर या बंधांमुळें भार वाहतें, असें तो म्हणतो. एका पायाचें बळ गेलें तर 'खंज' व दोन्ही पायांचें गेलें तर 'पंगु', असा भेदहि त्यानें करून ठेविला आहे. चौतीस वर्षांत हे दोन शब्द आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिले असतील, कोण जाणे! त्यांतल्या एकाचा अर्थ आम्हांस पासष्टाव्या वर्षीं कळला.

मात्र सांधा बदलण्याची विद्या प्राचीन नव्हे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. १८९१ सालीं ग्लुक नांवाच्या बर्लिन येथील शल्यचिकित्सकानें हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. पुढें कांचेच्या, मग मिश्र धातूच्या टोप्या निघाल्या. आजची पद्धत मुख्यतः जॉन चार्न्ली या इंग्रज शल्यचिकित्सकाची. त्यांनीं वाटीसाठीं प्रथम टेफ्लॉन वापरलें. तें दोन-चार वर्षांतच झिजून भोंवतालच्या हाडास अपाय करूं लागलें. हा गृहस्थ असा कीं, त्या पदार्थाचा परिणाम पाहण्यासाठीं त्यानें त्याचा तुकडा स्वतःच्या मांडींत टोंचून घेतला. १९६२ सालच्या नोव्हेंबरांत रायटिंग्टन येथील रुग्णालयांत त्यांनीं घट्ट पॉलिथीनची वाटी व पोलादाचा लहान गोळा बसविला, आणि दंतवैद्यांच्या सिमेंटानें तीं दोन्ही हाडांत पक्कीं केलीं. तेव्हांपासून या शस्त्रक्रियेचें खरें युग सुरू झालें. इंग्लंडच्या राजमातेनें १९९५ मध्यें, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं, एक खुबा बदलून घेतला, १९९८ मध्यें पडून दुसरा मोडल्यावर तोहि बदलला, आणि त्यानंतरहि ती चार वर्षें जगली. टेनिसपटु अँडी मरे यानें २०१९ च्या जानेवारींत खुब्यावर धातूचें नवें आवरण बसवून घेतलें व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अँटवर्पची स्पर्धा जिंकली. आमच्या चिरंजीवांनीं हें उदाहरण आम्हांस इतके वेळां ऐकविलें कीं, अखेर आम्हांस विचारावें लागलें, "त्या मुलाचें वय किती?" एकतीस, असें उत्तर मिळालें. त्यानंतर तो विषय घरांत निघाला नाहीं.

बाईंनीं आमच्या स्नायूंस गुण दिले. ही पद्धत आम्हांस फार आवडली. शून्य ते पांच असे गुण असतात : शून्य म्हणजे स्नायू मुळींच हलत नाहीं, एक म्हणजे नुसती फडफड, दोन म्हणजे आडवा सरकवितां येतो, पण उचलतां येत नाहीं, तीन म्हणजे पृथ्वीच्या ओढीविरुद्ध उचलतां येतो, पण वरून हातानें दाबल्यास टिकत नाहीं, चार म्हणजे थोडा दाब सोसतो, पांच म्हणजे निरोगी. आमचा डावा पांच, उजवा तीन. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुण मांडणाऱ्यास स्वतःचे पांचापैकीं तीन ऐकून जें वाटावयाचें तें वाटलें. "पण सर, तीन म्हणजे नापास नव्हे," बाई म्हणाल्या, "मात्र घरी अभ्यास करावा लागेल."

आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, आम्ही रोज सिद्धार्थ उद्यानांत तासभर चालतों. त्यांनीं आमची चाल पुन्हां पाहिली व म्हणाल्या, "तुम्ही तासभर डाव्या पायाला व्यायाम देता. उजवा नुसता बरोबर असतो." हें एक वाक्य आम्हांस सर्व औषधांहून मोलाचें वाटतें. शरीर मोठें धूर्त आहे. दुबळ्या पायाचें काम तें चांगल्या पायाकडे, कमरेकडे, पाठीकडे वांटून देतें, आणि माणूस चालतो म्हणून सर्वांस वाटतें कीं पाय सुधारला. नुसत्या चालण्यानें श्वास सुधारतो, भूक लागते, मन रमतें. दुबळा स्नायू मात्र त्याला एकट्याला गांठून काम दिल्याशिवाय बळावत नाहीं, आणि तें काम हळूहळू वाढवावें लागतें. पहिल्या वर्गाचें गणित वर्षभर सोडवून मूल दुसऱ्या वर्गांत जात नाहीं, तसेंच हें.

आमचा अभ्यास असा : सकाळीं अंथरुणावर निजूनच गुडघ्याखालीं टॉवेलाची गुंडाळी ठेवून मांडी आंवळणें, पाय दुमडून टांचा गादीवर रोंवून कंबर उचलणें, नंतर डाव्या कुशीवर वळून, दोन गुडघ्यांमध्यें उशी असतां, उजवा पाय सरळ वर नेणें व सावकाश खालीं आणणें. हा तिसरा प्रकार सर्वांत कठीण व सर्वांत उपयोगी. पण टांके दिलेला स्नायू पुरता जुळल्यावर, शल्यचिकित्सकांच्या परवानगीनेंच तो करावा. मग खिडकीचे गज धरून उभ्यानें पाय बाजूस नेणें. उंच खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें. जिन्याच्या खालच्या पायरीवर उजवा पाय ठेवून चढणें-उतरणें. आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशीं एका पायावर उभें राहणें. प्रत्येकीं दहा वेळां, दिवसांतून दोनदां. पहिल्या आठवड्यांत कुशीवरचा पाय चौथ्या खेपेसच थरथरूं लागे. चार महिन्यांनीं बाईंनीं घोट्यास अर्ध्या किलोची पिशवी बांधली. सूनबाईंनीं भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज खूण करण्याचें नातवाकडे सोंपविलें. व्यायाम बुडाला तर तो 'गैरहजर' असें लिही. पावसाळ्यांतील एका आठवड्यांत सलग पांच 'गैरहजर' आहेत. तो कागद आम्हीं अजून फाडूं दिलेला नाहीं.

आमच्या शाळेंतील एका जुन्या शिपायाचीहि हीच शस्त्रक्रिया त्याच महिन्यांत झाली. ती झाली सरकारी रुग्णालयांत, म्हणजे १९५६ सालीं स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, ज्याला सर्व गांव 'घाटी' म्हणतें. तो सहाव्या महिन्यांत सायकलवर बसून आमच्या समाचारास आला. आम्हीं थक्क होऊन विचारिलें, "अरे, तूं काय केलेंस?" तो म्हणाला, "सर, त्यांनी सांगितलं तेवढं केलं. रोज केलं." त्यानें जन्मभर घंटा ऐकून काम केलें होतें, आम्ही जन्मभर दुसऱ्यांसाठीं घंटा होण्याची वाट पाहत होतों. फरक एवढाच. या शास्त्राचें रीतसर शिक्षण आपल्याकडे १९५३ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत, पोलिओच्या साथीच्या पाठोपाठ सुरू झालें. तरी अजून सुशिक्षित घरांतूनसुद्धां 'मालीश करणारे' यापलीकडे या मंडळींची किंमत केली जात नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

काठीविषयीं घरोघर एक चूक होते, ती आमच्याहि घरीं झाली. उजवा पाय दुबळा, म्हणून काठी उजव्या हातांत, असें सर्वांनींच ठरविलें. आमचे न्हावीसुद्धां त्याच मताचे होते. वस्तुतः काठी पाहिजे डाव्या हातांत, म्हणजे दुबळ्या पायाच्या उलट बाजूस, आणि ती पडली पाहिजे दुबळ्या पायाबरोबर. डोलफळी पुन्हां आठवावी : ओझ्याच्या बाजूस, टेंकूपासून दूर, खालून थोडासा आधार दिला कीं पलीकडच्या दमलेल्या स्नायूचें पुष्कळ काम वांचतें. हात बदलला त्याच दिवशीं आमचें कलणें निम्मे झालें. जिन्यावर चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुबळा पाय व काठी आधीं; याचा एक अनुष्टुभ् आम्हीं रचला आहे, परंतु तो छापण्याच्या लायकीचा नाहीं. काठी टाकण्याची घाई ही निव्वळ अभिमानाची गोष्ट आहे. कलत चालण्याची संवय एकदां जडली म्हणजे पाठ व दुसरा गुडघा तिची किंमत भरीत बसतात.

आहाराकडे वळतों, कारण शाकाहारी घरांतून येथेंच ढिलाई असते. बाईंनीं आमचा दिवसाचा आहार लिहून घेतला : सकाळीं चहा, दुपारीं दोन पोळ्या, भात, पातळ वरण, रात्रीं दूध-भात, एकादशीस साबुदाणा. "यांत स्नायू कशाचा बनायचा?" असा त्यांचा प्रश्न. तेव्हांपासून वरण घट्ट झालें, मटकी व हरभऱ्याची उसळ रोजची झाली, ताकाऐवजीं दही आलें, आणि एकादशीस शेंगदाणे व दूध यांची भर पडली. रक्ताची तपासणी केली तेव्हां ड जीवनसत्त्व कमी निघालें आणि बी-बारा त्याहून कमी. हें बी-बारा वनस्पतींत नसतें. दूध-दह्यांत थोडें असतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणींत पुण्याकडील मध्यमवयीन पुरुषांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश लोकांत तें कमी आढळलें. त्याच्या अभावीं पायांस मुंग्या येतात, तोल जातो, पाऊल कोठें पडतें तें कळत नाहीं. आणि घरचीं माणसें त्याचें खापर शस्त्रक्रियेवर किंवा वयावर फोडून मोकळीं होतात. आमच्या मुंग्या इंजेक्शनांनीं गेल्या. आपल्या मनानें औषध घेऊं नये, पण तपासणी जरूर करावी.

घरांतील व्यवस्थेविषयीं फार लिहीत नाहीं. कमोड उंच पाहिजे, खाट व खुर्ची गुडघ्यापेक्षां उंच पाहिजेत, पायपुसणीं व सतरंज्यांचीं टोंकें गुंडाळून ठेवावीं, रात्रीं न्हाणीच्या वाटेवर दिवा असावा. प्रारंभींचे आठवडे खुबा काटकोनापलीकडे वांकवूं नये, पायावर पाय टाकूं नये. पुढें किती मोकळीक घ्यावयाची हें शल्यचिकित्सकच सांगतील. येथें एक भेद मनांत स्पष्ट असावा. मांडी घालून बसूं नये हें सांध्याच्या घडणीचें बंधन आहे. व्यायामानें तें सुटत नाहीं. थकवा, कलणें, मुडपणें हें स्नायूचें दुबळेपण आहे. तें पुष्कळ अंशीं सुटतें. आम्ही कित्येक महिने पहिल्यासाठीं रडलों आणि दुसऱ्याकडे पाहिलेंच नाहीं.

प्रत्येक दुबळेपण आमच्यासारखेंच असेल असेंहि नव्हे. शस्त्रक्रियेंत क्वचित् शीर ताणली जाऊन पाऊल वर उचलत नाहीं, चपलेचें टोंक जमिनीस घांसतें. कधीं दोन पायांच्या लांबींत अंतर पडतें, व तें तळव्याखालीं जाड पट्टी घालून भागवावें लागतें. कधीं मूळ दोष पाठीच्या मणक्यांत दबलेल्या शिरेचा असतो. ताप येणें, जखमेंतून पाणी येणें, पोटरी सुजून दुखणें, बसल्या जागीं जांघेंत कळ येणें, पाय एकाएकीं आंखूड वाटणें किंवा त्यावर भारच न देतां येणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर व्यायाम बाजूस ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सांधाच सदोष निघाल्याचीहि उदाहरणें आहेत. डीप्यू कंपनीचा 'एएसआर' नांवाचा, धातूवर धातू घांसणारा सांधा २०१० च्या ऑगस्टांत जगभरांतून परत घेण्यांत आला. हिंदुस्थानांत तो सुमारें ४,७०० शस्त्रक्रियांत बसविला गेला होता, आणि रुग्णांस प्रत्येकीं निदान वीस लाख रुपये भरपाई मिळावी, अशी केंद्र सरकारच्या समितीची शिफारस २०१८ सालीं बाहेर आली. म्हणून कोणत्या कंपनीचा व कोणत्या क्रमांकाचा सांधा बसविला, त्याची चिठ्ठी जन्मपत्रिकेइतकी जपून ठेवावी. आमची पंचांगांत नाहीं. सूनबाईंच्या कपाटांत आहे.

बहुतेकांचें पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बरेंच सुधारतें, पण वर्ष उलटल्यावरहि तो पाय दुसऱ्याहून अशक्तच राहिल्याचें कित्येकांत आढळतें; आणि व्यायाम उशिरा सुरू केला तरी वायां जात नाहीं. आमचा प्रारंभ दहाव्या महिन्यांत झाला. आज उजव्यास चार गुण आहेत. पांच होतील कीं नाहीं, हें बाई सांगत नाहींत, आणि आम्हीहि आतां विचारीत नाहीं. यंदाच्या पक्षांत श्राद्ध खुर्चीवरूनच झालें. मात्र सूनबाईंनीं ताम्हण एका उंच तिवईवर ठेविलें, त्यामुळें पाणी नीट पडलें व नातू कोरडा राहिला.

आमचीं पुस्तकें माडीवर आहेत. चौदा पायऱ्या आहेत. दीड वर्ष तीं पुस्तकें नातू खालीं आणून देत असे, आणि सिद्धांतकौमुदी मागितली असतां लघुकौमुदी आणीत असे. गेल्या महिन्यापासून आम्ही स्वतः वर जातों. पहिल्या दहा पायऱ्या पायामागें पाय टाकून चढतों. अकराव्या पायरीवर उजवा पाय थोडा विचार करतो, तेव्हां कठडा धरून क्षणभर उभे राहतों. खालून सौभाग्यवती विचारतात, "पोहोंचलात का?" वर पोहोंचल्यावर आम्ही उत्तर देतों. लघुकौमुदी उशाशींच असते. दुसरी मात्र आतां आमची आम्हीच काढून घेतों.